शरावतीची उडी

शरावती जेमतेम १२८ किलोमीटरची नदी आहे. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला ही लांबी एखाद्या उपनदीची वाटेल. शिमोगा जिल्ह्यात तीर्थहळ्ळीच्या जवळ अंबुतीर्थाला ती उगम पावते. सीतेला तहान लागली म्हणून रामाने जमिनीत शर मारला आणि त्यातून हे पाणी आलं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. तिथून मलनाडच्या भिजक्या पठारावरून वाहत ती सह्याद्रीच्या कड्यापाशी येते, खाली उतरते आणि होन्नावरला समुद्राला मिळते. एवढ्याशा आयुष्यात ती एकच मोठी उडी मारते, २५३ मीटरची. ती उडी म्हणजे जोगचा धबधबा. मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या त्याला गिरसप्पाच म्हणत आला.

आपल्या आधीच्या पिढ्यांना गिरसप्पा इतका जवळचा वाटायचा, त्याला कारण होतं. १९५६ पर्यंत उत्तर कानडा जिल्हा मुंबई राज्यात होता. धबधब्यापाशी नदीचा एक काठ मुंबईचा आणि दुसरा म्हैसूर संस्थानचा. दोन्ही काठांवर दोन सरकारांचे दोन बंगले होते आणि दोन्हींमधून लोक एकच पाणी पाहत. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी नाव मराठीत टिकून राहिलं. माझ्या वडिलांच्या पिढीने भूगोलात पाठ केलेल्या नावांत गिरसप्पा असे. त्यांतल्या कित्येकांनी तो कधी पाहिला नाही, पण त्याची उंची मात्र त्यांना फुटांत तोंडपाठ होती.

मी गेले ती समुद्राच्या बाजूने, भर पावसात. असा धबधबा पाहायचा तर खालून वर जावं, असं मला आता मनापासून वाटतं. कोकण रेल्वे होन्नावरच्या खाडीवरून जाते तो पूल दोन किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे. कोकण रेल्वेवरचा तो सर्वांत लांब पूल. गाडी त्यावरून जाताना खाली पसरलेलं पाणी इतकं शांत आणि रुंद दिसतं, की हेच पाणी काही तासांपूर्वी अडीचशे मीटरवरून पडलं असेल यावर विश्वास बसत नाही. स्टेशनवरून घाटाची बस धरली. सुरुवातीला नारळ, मग सुपारीच्या बागा, सुपारीवर चढवलेले मिरवेल, कौलारू घरं. मग गेरसोप्पा गाव येतं आणि रस्ता वळणं घेत जंगलात शिरतो. हे सिंहपुच्छी वानरांचं रान. काळ्या अंगाचा, चेहऱ्याभोवती करडी आयाळ असलेला हा लाजाळू प्राणी फक्त सह्याद्रीत आढळतो आणि त्याच्या वस्तीची उत्तर हद्द याच भागात येते. मला तो दिसला नाही. बसच्या काचेवर पाऊस इतका आपटत होता, की दहा हातांपलीकडचं झाडही धूसर होतं. पण रस्त्याच्या एका अंगाला दरी आहे आणि त्या दरीच्या तळाशी नदी आहे, हे सारखं जाणवत होतं.

जोगला उतरून कठड्यापाशी गेले तर समोर काहीच नव्हतं. दरी काठोकाठ ढगाने भरलेली. फक्त आवाज. तो नुसता कानांना ऐकू येत नव्हता; कठड्याच्या लोखंडी नळीवर हात ठेवला तर नळीतही तो बारीक थरथरत होता. आजूबाजूला शंभरेक माणसं होती. कुणी कणसं खात होतं, कुणी मुलांना रेनकोट घालत होतं आणि सगळे त्या पांढऱ्या शून्याकडे तोंड करून उभे होते. वारा आला. ढगाचा वरचा थर विरळ झाला, कड्याची काळी कड दिसली. मग पाण्याचा पहिला पट्टा आणि पाठोपाठ सगळं एकदम उघडलं. शंभर माणसांच्या तोंडून एकच उद्गार निघाला. कानडी, मराठी, तमिळ, मल्याळी, सगळ्यांचा तो सारखाच होता.

गिरसप्पाच्या चार धारा आहेत. राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी ही त्यांची रूढ नावं. राजा कड्याच्या ओठावरून सुटतो तो कुठेही खडकाला न टेकता सरळ खाली. रोअरर त्याच्या शेजारून खडकाच्या खोबणीत घुसून गर्जत येतो. रॉकेट खडकावर आपटून फवाऱ्यांसारखा बाहेर फेकला जातो. राणी मात्र कड्याला धरून, वळणं घेत, फेसाचा पदर पसरत उतरते. एकाच नदीचं पाणी, एकच कडा. ओठापाशी खडक जरा इकडचा तिकडे झाला, एवढ्याने प्रत्येक धारेचा स्वभाव वेगळा झाला. आपल्याकडच्या घाटात धबधबे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, कारण आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर रचून झालेला बेसाल्ट आहे. इथे तो दगड नाही. दख्खनचा लाव्हा इथवर पोचलाच नाही. इथला खडक त्याहून कितीतरी जुना आणि कणखर आहे. म्हणून राजाला मध्ये पायरी भेटत नाही. नदी पठारावरून येते, पठार संपतं आणि नदीला हवेशिवाय आधार उरत नाही.

एक गोष्ट मी तिथे बराच वेळ करत राहिले. ओठावरून सुटणाऱ्या पाण्याचा एकच पुंजका नजरेत धरायचा आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. सुटतो तेव्हा तो घट्ट असतो, काचेसारखा, किंचित तांबूस. मलनाडची माती त्यात असते. थोडं खाली आल्यावर त्याला हवा लागते, कडा पांढऱ्या होतात. मग त्याच्यातून टोकदार जिभा निघतात, त्या एकमेकींना मागे टाकत पुढे जातात आणि अर्ध्या वाटेवर आपण धरलेला पुंजका उरतच नाही. पिंजाऱ्याच्या धनुकलीखालून उडणाऱ्या कापसासारखं त्याचं तंतू तंतू होऊन जातं. हवेचा अडथळा नसता तर एवढ्या उंचीवरून पाण्याने सात सेकंदांत तळ गाठला असता. प्रत्यक्षात हवा त्याला अडवते, फोडते, आणि पुष्कळसं पाणी तळाला पाणी म्हणून पोचतच नाही. धुकं होऊन ते पुन्हा वर चढतं. माझ्या चेहऱ्यावर, चष्म्यावर, ओढणीवर जो ओलावा होता तो पावसाचा किती आणि वर चढलेल्या नदीचा किती, हे सांगता आलं नसतं. नदी खाली जाते एवढंच आपल्याला माहीत असतं. इथे ती आधी पडते, मग उठते आणि मग पुढे जाते.

त्या धुक्यात पाकोळ्या होत्या. कड्याच्या समोरून कोयत्याच्या पात्यासारखे पंख ताणून त्या भिरभिरत होत्या. मधूनच एखादी सरळ धारेच्या रोखाने जायची आणि दिसेनाशी व्हायची. डोळा आपटण्याची वाट पाहायचा आणि ती दुसऱ्याच बाजूने बाहेर पडायची. एकोणिसाव्या शतकात, १८५६ साली, आरमाराच्या अधिकाऱ्यांनी दरीवर दोरखंड ताणून या धबधब्याची मोजणी केली. उंची ८३० फूट आणि राजाच्या खालच्या डोहाची खोली १३२ फूट भरली. ज्या पोकळीत माणूस दोराला लटकून, जीव मुठीत धरून उतरला, ती पाकोळ्यांचं अंगण आहे. त्यांना पाहिल्यावर उंचीचा आकडा मला प्रथमच खरा वाटला.

आणि तरी मी पाहत होते ती पूर्ण शरावती नव्हती. धबधब्याच्या वर, अगदी जवळ, लिंगनमक्कीचं धरण आहे. ते १९६४ मध्ये झालं. त्याच्या जलाशयात दीडशे टीएमसीहून अधिक पाणी मावतं, म्हणजे आपल्या कोयनेच्या शिवसागराच्या जवळजवळ दीडपट. मी गेले तेव्हा धरण भरलेलं नव्हतं आणि दरवाजे बंद होते. माझ्या समोर पडत होतं ते धरणाच्या खालच्या टापूतल्या पावसाचं पाणी. नदीचं मुख्य पाणी कालव्याने तळकळलेच्या जलाशयात जातं, तिथून मोठ्या नळांतून उतरून १०३५ मेगावॉटचं वीजगृह चालवतं आणि धबधब्याला वळसा घालून खालच्या दरीत पुन्हा नदीला मिळतं. चांगला पाऊस झाला, जलाशय १८१९ फुटांच्या पातळीला टेकला, की दरवाजे उघडतात. मग चार धारांची एकच पांढरी भिंत होते. उन्हाळ्यात राजाची धार बोटाएवढी बारीक होते आणि कडा उघडा पडतो. शरावतीने कधी आणि किती पडायचं हे आता पावसाबरोबर माणूसही ठरवतो.

याची सुरुवात फार जुनी आहे. सर विश्वेश्वरय्या हा धबधबा पाहून केवढा हा अपव्यय असं म्हणाले, अशी गोष्ट कर्नाटकात सांगतात. पुण्याच्या कॉलेजात शिकलेला आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारा हा अभियंता पाण्याकडे दुसऱ्या नजरेने बघणार तरी कसा? त्या काळचा देश अंधारात होता. पाण्यात कोंडलेला उजेड ज्याला दिसतो, त्याला तो दरीत सांडताना पाहवणार नाही, आणि त्या कळवळ्याचा मला आदर वाटतो. १९४८ च्या सुमारास धबधब्याच्या खालच्या अंगाला पहिलं वीजगृह सुरू झालं, १२० मेगावॉटचं. त्या वेळच्या म्हैसूर राज्यासाठी ती मोठी क्रांती होती. आज त्या वीजगृहाला महात्मा गांधींचं नाव आहे.

गांधीजी मात्र या धबधब्याजवळ येऊनही तो पाहायला गेले नव्हते. ही हकीकत काका कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. कालेलकर साताऱ्याचे आणि नद्यांचे वेडे. भारतातल्या नद्यांवर, प्रपातांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. १९२७ साली गांधीजींचा म्हैसूर संस्थानात दौरा होता आणि मुक्काम सागरला होता. तिथून गिरसप्पा अगदी जवळ. कालेलकरांनी गांधीजींना आग्रह केला. गांधीजींनी नकार दिला. असे आनंद मला परवडायचे नाहीत, अशा अर्थाचं ते बोलले. कालेलकरांनी नायगाराची उंची सांगितली, गिरसप्पा त्याहून किती पट उंच तेही सांगितलं. त्यावर गांधीजींनी विचारलं, की पावसाचं पाणी आकाशातून किती उंचीवरून पडतं? निदान तुमचे सचिव महादेवभाई यांना तरी पाठवा म्हटल्यावर, त्यांचा गिरसप्पा मीच आहे असं ते म्हणाले. कालेलकर गेले आणि धबधबा डोळे भरून पाहून आले.

त्या कठड्यापाशी मला हे तिघेही आठवत होते. एकाला पाण्यात वीज दिसली, एकाला पाऊस, एकाला ईश्वराचं रूप. तिघांनी आपलं आयुष्य ज्याला वाहिलं होतं, ते त्यांना त्या पाण्यात दिसलं. गांधीजींचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त पुरला. धबधबा ही एका जागी दिसणारी गोष्ट नाही. ढगापासून समुद्रापर्यंतच्या पाण्याच्या प्रवासातला तो एक क्षण आहे. आपण त्या क्षणाची तिकिटं काढतो, फोटो घेतो आणि परततो. बाकीचा प्रवास कुठे आणि कुणाच्या अंगणातून झाला, हे विचारायचं राहून जातं.

माझ्यासाठी तो प्रश्न एका चहाच्या टपरीवर उभा राहिला. टपरी चालवणारी बाई कोकणी आणि हिंदी मिसळून बोलत होती. मिरचीभजी तळता तळता तिने विचारलं, "अक्का, खंयचीं तुमी?" मी सातारा म्हटलं. तिला ते ठाऊक नव्हतं. कोयनेजवळचं म्हटल्यावर मात्र तिने झारा थांबवला. धरणाचं नाव तिला ओळखीचं होतं. तिची सासू लिंगनमक्कीत बुडालेल्या गावातली. लग्नाआधीच तिचं माहेर पाण्याखाली गेलं. सुपारीची बाग, घर, देवळाचा चौथरा, सगळं. "पाणी खूप उतरलं की तिला दाखवायला नेतो," बाई म्हणाली, "झाडांचे खुंट दिसतात. त्यातलं कुठलं झाड कुणाचं, ते ती अजून सांगते." मग तिने माझ्यापुढे भज्यांची बशी ठेवली आणि शेजारी अप्पेमिडीच्या लोणच्याची एक इवलीशी फोड. अप्पेमिडी म्हणजे आंब्याची कोवळी बाळकैरी, अख्खी मिठात मुरवलेली. ही झाडं मलनाडच्या नद्यांच्या काठी रानात वाढतात. चीक तिखट, वास कापरासारखा. शरावतीच्या काठाची चव मी घेतली ती त्या फोडीत.

कोयनेच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही कहाणी नवी नाही. तिकडेही त्याच वर्षांत गावं उठली. पूर्वेला वाहणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवलं गेलं, वीज मुंबईला गेली आणि माणसं ठाण्या-रायगडापर्यंत विखुरली. त्यांच्या नातवंडांचे वसाहतींतल्या सोयींचे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. शरावतीचंही तेच. जलाशयाने तुमरी-सिगंदूरचा भाग तीन बाजूंनी पाण्याने वेढून टाकला. ज्यांच्या जमिनींवर वीज उभी राहिली ती माणसं दवाखान्यात, कॉलेजात, बाजारात जायला साठ वर्षं लाँचवर अवलंबून राहिली. त्यांच्यासाठी दोन किलोमीटरहून लांब असा पूल झाला तो जुलै २०२५ मध्ये. शिवाय या जलाशयाच्या पोटात आणखी एक धरण आहे. चाळीसच्या दशकात बांधलेलं हिरेभास्कर. पहिल्या वीजगृहाला पाणी पुरवणारं ते धरण मोठ्या धरणाने गिळलं. जलाशय आटतो त्या वर्षी त्याची दगडी भिंत वर येते आणि लोक ती पाहायला जातात. विकासाला आपलंच आधीचं रूप बुडवावं लागतं, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

परतीच्या वाटेवर मी गेरसोप्प्याला उतरले. धबधब्याला ज्या गावाचं नाव मिळालं, ते आज रानात हरवल्यासारखं आहे. सोळाव्या शतकात इथे चेन्नभैरादेवीचं राज्य होतं. पन्नासहून अधिक वर्षं तिने राज्य केलं. नदीकाठच्या रानातली मिरी तिच्या बंदरांतून जगभर जात होती आणि तिच्याशी लढलेले पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. नदीपलीकडे, रानात, चार दिशांना चार दारं असलेली दगडी चतुर्मुख बसदी, म्हणजे जैन मंदिर, उभी आहे. कुठल्याही दाराने आत गेलं तरी समोर तीर्थंकरांची मूर्ती, आणि भोवती झाडांवरून गळणारं पाणी. या राज्याला नदीने बंदराची वाट दिली, मिरीला ओल दिली. ते राज्य धबधब्यावर नव्हे तर त्याच्या पायथ्याशी, पडून शांत झालेल्या नदीवर उभं राहिलं होतं.

आता या दरीत आणखी एक योजना आली आहे. तळकळले आणि गेरसोप्पा या दोन जलाशयांत पाणी खालीवर खेळवून २००० मेगावॉट वीज करायची. आपल्या घाटघरला आहे तसा प्रकार, पण आठपट मोठा, आणि तोही सिंहपुच्छी वानरांच्या अभयारण्यात. त्याआधी २०१९ मध्ये लिंगनमक्कीचं पाणी बेंगळुरूला नेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा शिमोगा जिल्ह्यातले लोक रस्त्यावर उतरले. शहरांना वीज हवी, पाणी हवं, हे मला नाकारता येत नाही. हे लिहिताना माझ्या टेबलावरचा दिवाही कुठल्या तरी नदीच्या पडण्यावर जळतो आहे. पण १२८ किलोमीटरच्या नदीने किती वेळा आणि किती जणांना पुरायचं, याला काही सीमा असली पाहिजे. तिने आधीच आपली गावं, आपलं जुनं धरण आणि वर्षातल्या बहुतेक महिन्यांची उडी देऊन टाकली आहे.

म्हणून पर्यटकाकडून मला एक मागणं आहे. गिरसप्पाला जाल तर धबधब्याला एक दिवस द्या आणि नदीला आणखी एक. वरच्या जलाशयाच्या काठावर उभे राहा, तिथल्या माणसांशी बोला. खाली गेरसोप्प्याच्या बसदीत जा, होन्नावरला ती समुद्राला कशी मिळते ते पाहा. मग कड्यावरून पडणारं पाणी वाया जातं असं तुम्हाला वाटणार नाही. त्या पडण्याने धुकं उठतं आणि त्या ओलीवर रान जगतं. शिवाय एक गोष्ट कुठल्याच हिशेबात येत नाही. ढग बाजूला झाला तेव्हा शंभर अनोळखी माणसांच्या तोंडून निघालेला तो एक उद्गार हेही शरावतीचं देणंच आहे. पुढच्या पिढीलाही ते मिळायला हवं, आणि त्यासाठी नदीला आपल्या पाण्याने पडू देण्याचा हक्क आपण मान्य केला पाहिजे.